सेक्टर, सडक आणि सातवी ‘ब’

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये. आम्ही भिलाईला निघालो तेव्हा ‘छत्तीसगडात फार तापतं हो’ असं बजावणारे सगळे नातेवाईक पुण्या-नाशकाचे निघाले. पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकल्याशिवाय आमच्या गावात कुणी उन्हाचा विषयसुद्धा काढत नाही. भूगोलाचं म्हणाल, तर या मंडळींच्या नकाशात नागपूरच्या पुढे एकदम हावडाच येतं. मधे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं लागतात आणि तिथे माणसं राहतात, हे त्यांना गाडी लेट झाली तरच कळतं.

नवरा ‘सेल’च्या चंद्रपूर फेरो अलॉय प्लांटमध्ये होता, तिथून त्याची भिलाई स्टील प्लांटला बदली झाली. त्याला इथे भट्टी मिळाली, कँटीन मिळालं, तक्रारी करायला नवे साहेब मिळाले. मला क्वार्टर मिळालं. बीएस्सी होऊन शिकवण्या घेतल्या होत्या, शाळेत मात्र कधी शिकवलं नव्हतं. म्हटलं, बी.एड. करून टाकू. कॉलेजात गेले तर बाविशीतल्या मुली मला प्राध्यापक समजून उभ्या राहिल्या. खरं कळल्यावर बसल्या, आणि त्या दिवसापासून मी वर्गाची ‘दीदी’ झाले. दीदी म्हणजे जिच्या वह्या नीट असतात आणि जी डब्यात जास्त आणते.

२०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे शाळेत घालवायचे ठरले : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. आपल्याकडे सरकारी कागदावर याला आंतरवासिता म्हणतात. उच्चार करता करता अर्धा तास संपतो. इकडे कॉलेजपासून शाळेच्या भृत्यापर्यंत सगळे ‘इंटर्नशिप’ म्हणतात. माझे सोळा आठवडे पटरीपारच्या एका सरकारी पूर्व माध्यमिक शाळेत ठरले.

पटरीपार म्हणजे काय, हे भिलाईत आल्यावर पहिल्यांदा समजून घ्यावं लागतं. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग गावाच्या मधून जातो. एका अंगाला कारखाना आणि त्याची टाउनशिप : रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, प्रत्येक क्वार्टरमागे मुनगा म्हणजे आपला शेवगा. दुसऱ्या अंगाला सुपेला, पॉवर हाउस, कॅम्प, खुर्सीपार : तिथे गावाला सुटतील तसे रस्ते सुटलेले. टाउनशिपमधल्या बायकांना मी ‘पटरीपारच्या शाळेत जाते’ म्हणून सांगितलं, तर त्यांनी सरहद्दीवर निघालेल्या जवानाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मग लगेच एकीनं विचारलं, “फिर तो आप संडे मार्केट से सब्ज़ी ला दोगी ना?” सुपेल्याचा रविवारचा बाजार पटरीच्या पलीकडे भरतो, आणि त्याच्यासाठी टाउनशिप दर आठवड्याला बिनतक्रार सरहद्द ओलांडते.

टाउनशिपचा पत्ता पाढ्यासारखा पाठ करावा लागतो. घराला नाव नाही, गल्लीला नाव नाही, कोपऱ्यावरच्या मारुतीचा आधार नाही. क्वार्टर नंबर, सडक नंबर, सेक्टर नंबर. संपलं. यात कुणाचा दोष नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरूसुद्धा झाली. चार वर्षांत भाताच्या बांध्यांवर पोलादाचा कारखाना उभा करायचा, तर बारशाला वेळ कुणाला? नंबर टाकले आणि पुढे गेले. पण लोकांनी त्या नंबरांनाच स्वभाव चिकटवून टाकले. शेजारीण म्हणाली की “बाबूजी को सेक्टर नौ ले गए”, तर सासऱ्यांनी घर बदललं असं समजायचं नाही. तिथे कारखान्याचं मोठं इस्पितळ आहे, तेव्हा चेहरा गंभीर करून तब्येत विचारायची. खरी पंचाईत सेक्टर नऊमध्येच राहणाऱ्यांची. फोनवर ‘मैं सेक्टर नौ में हूँ’ म्हटलं की पलीकडचा गडबडतो, म्हणून ते बिचारे लगेच ‘घर पे हूँ, घर पे’ अशी पुस्ती जोडतात.

आमच्या सडकेवरचे एक निवृत्त काका सांगतात की रशियन तज्ज्ञ इथे राहायचे तेव्हा बाजारात येऊन ‘कितना?’ आणि ‘महंगा!’ हे दोनच शब्द बोलायचे आणि त्यांचा सगळा संसार त्यावर चालायचा. काकांचं गणित असं की त्यातला पहिला शब्द भाजीवाल्यानं शिकवला आणि दुसरा बायकोनं. ते रशियन गेले, मागे रशियन कॉम्प्लेक्स हे नाव राहिलं, आणि १९७२ ची मैत्री बाग राहिली. भारत-सोव्हिएत मैत्रीची ही खूण म्हणजे प्राणिसंग्रहालय आहे. त्या मैत्रीतला एक देश आता नकाशावर नाही, पण पांढरे वाघ अजून रविवारी बघायला मिळतात.

हे काका मूळचे श्रीकाकुलमचे. म्हणजे त्यांचे वडील तिथले. काका स्वतः तिथे लग्नाकार्यापुरते गेले आहेत आणि दर वेळी पोट बिघडवून आले आहेत. तरी विचारलं की ते ‘वैसे तो हम आंध्रा से हैं’ असंच म्हणतात. भिलाईत नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी ‘वैसे कहाँ से?’ विचारतात, आणि त्या ‘वैसे’त सगळी गंमत आहे. आमच्या एका सडकेवर वैसे तो बंगाल, वैसे तो केरळ, वैसे तो छपरा, वैसे तो जालंधर अशी घरं आहेत. सेक्टर सहाला कालीबाडी, सेक्टर दोनला अय्यप्पा, सेक्टर पाचला बालाजी. प्रत्येकानं आपापला देव बदलीवर आणला आणि मग स्वतःची बदली थांबवली. अडचण अशी की इथे येऊन रुळायचं तर कुणाकडे बघून रुळायचं? पुण्यात गेलं की पुणेकराकडे बघून माणूस दोन महिन्यांत दुपारी झोपायला शिकतो. इथे मी बंगाली शेजारणीकडे बघून पोस्त वाटायला लागले आणि मल्याळी शेजारणीकडे बघून खोबरेल तेलात भेंडी परतायला. नवरा म्हणाला, “आपण छत्तीसगडमध्ये कधी पोचणार आहोत?”

शाळेत पोचल्यावर पोचलो. सातवी ‘ब’मध्ये पहिल्या तासाला ओळखी करून घेताना मीही तेच विचारलं, ‘वैसे कहाँ से?’ मुलं दादाजी, नानाजी, बिहार, ओडिशा सांगत गेली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “यहीं के हैं, मैडम. पहले खेत था, अब गेट है.” आणि बसली. ज्या गावांच्या जमिनीवर कारखाना झाला, त्यांची नातवंडं-पतवंडं माझ्या हजेरीपटावर होती. त्या प्रश्नाला ‘वैसे तो’शिवाय उत्तर देणारी भिलाईतली ती मला भेटलेली पहिली व्यक्ती.

हजेरीपटाची आणखी एक गंमत. साहू, निषाद, वर्मा, यादव अशी नावं वाचत असताना मधेच ‘देशमुख’ आलं. मग दुसरे देशमुख. मग तिसरे. दुर्गकडच्या दिल्लीवार कुर्मी समाजात हे आडनाव भरपूर. चौथ्या देशमुखापर्यंत मी स्थिर झाले होते, पण संध्याकाळी चंद्रपूरला फोनवर सांगितलं आणि सासूबाई अस्थिर झाल्या. “चार देशमुख? मग काय काळजी! त्यांच्या आईला हळदीकुंकवाला बोलाव.” त्यांना मराठी येत नाही म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, “लाजत असतील.”

देशमुखी इथे कशी आली याची वंशावळ मी काढलेली नाही, पण मराठी माणसं या मुलखात नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत १७४१ मध्ये फौज घेऊन रतनपूरला आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले तिथून कारभार बघत होते. तेव्हा आमची माणसं वसुलीला यायची, मी इंटर्नशिपच्या गुणांच्या वसुलीला आले, इतकाच फरक. इतिहासाच्या एका मास्तरांनी स्टाफरूममध्ये मला त्यावरून चिमटाही काढला, “आप लोग तो पहले भी आए थे, चौथ लेने.” मी माझ्या डब्यातली चौथी पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि हिशेब मिटवला.

आणि शिकवायला आलेला मराठी माणूस म्हणाल तर तोही नवा नाही. माधवराव सप्रे पेंड्र्याला राजकुमाराचे शिक्षक होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. बी.एड.चा फॉर्म भरताना मला त्यांची फार आठवण यायची. त्यांना एकच विद्यार्थी, तोही राजपुत्र, वर पगार. मला सातवी ‘ब’, आणि पगाराचं काय ते पुढे येतंच आहे.

इंटर्न हा शाळेतला विचित्र प्राणी. मुलांच्या लेखी मॅडम, मॅडमांच्या लेखी मूल. खुर्च्या शिक्षकांपुरत्याच, म्हणून स्टाफरूममध्ये बाकावर बसायचं. कुणी रजेवर असलं की त्यांचा तास ‘ये ले लेंगी’. मध्यान्ह भोजनाची ताटं मोज, जातीच्या दाखल्यांच्या झेरॉक्स लाव, अपार आयडीसाठी मुलांच्या आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळव. यातलं शेवटचं काम गणितापेक्षा तत्त्वज्ञानाच्या जवळचं आहे. एकच मुलगा एका कागदावर ‘दुर्गेश’, दुसऱ्यावर ‘दुरगेश’ आणि तिसऱ्यावर ‘दूर्गेस’ असतो, आणि पोर्टल विचारतं की यातला खरा कोण. दुर्गेशला विचारलं तर त्याचं म्हणणं, घरी त्याला ‘छोटू’ म्हणतात.

प्रधान पाठक, म्हणजे आपले मुख्याध्यापक, मात्र सज्जन माणूस. इथलेच, अस्सल छत्तीसगढिया, रिटायरमेंटला आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझी पाठ योजनांची फाइल हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हणाले, “बढ़िया है. पंखा चलने पर कागज़ नहीं उड़ेंगे.” फाइल टेबलावर ठेवली, तिच्याखाली उपस्थितीचे तक्ते सरकवले, आणि आठवडाभर ती तिथून हलली नाही.

मग तो प्रसंग आला. रिकाम्या तासाला मुलांनी मला घेरलं होतं. भिलाईतल्या पोरांना कारखान्याची श्रेणीव्यवस्था पाढ्यांच्या आधी येते. अमक्याचे पापा परमनंट, तमक्याचे ठेक्यात. हे सांगताना कुणी आवाज बदलत नाही, रक्तगट सांगावा तसं सांगतात. एकानं विचारलं, “मैडम, आप परमानेंट हो कि ठेका में?”

मी म्हटलं, दोन्ही नाही. मी इंटर्न.

“मतलब ठेका से भी नीचे?”

मी म्हटलं, तसं समजा.

“कितना मिलता है?”

काही नाही मिळत म्हटल्यावर वर्ग शांत झाला. मग एका देशमुखानं शंका काढली, “घर से देती हो क्या?” कॉलेजची फी भरते म्हटलं. म्हणजे मॅडम काम करते, पगार घेत नाही आणि वर स्वतःच पैसे भरते. ठेकेदारीचे नाना प्रकार घरी ऐकलेल्या त्या पोरांनी असा ठेकेदार ऐकला नव्हता. “आपका ठेकेदार कौन है, मैडम?” एकीनं काळजीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला पेरू आणून दिला. मग रोज काही ना काही यायला लागलं : बोरं, कैरी, एकदा अर्धा समोसा. मुलांनी माझी अवस्था घरी सांगितली असावी, कारण पालक सभेला आलेल्या एका आईनं माझ्या हातात मुनग्याच्या शेंगांची जुडी ठेवली आणि “हो जाही, मैडम, सब बने हो जाही” असा धीर दिला.

त्या सभेला वडील मंडळी कमी, आणि जी आली ती नाइट शिफ्ट करून आलेली. दोघे भिंतीला टेकून सरळ झोपले. मुलं त्यांच्याजवळून पाय न वाजवता गेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्गातली काही पोरं इतक्या हळू बोलायची की मी त्यांच्या नावापुढे ‘संकोची स्वभाव’ असा शेरा मारायच्या बेतात होते. ती संकोची वगैरे काही नव्हती. एका खोलीच्या घरात दिवसा बाप झोपलेला असतो, म्हणून आठवड्याआड कुजबुजून बोलायची सवय. वडिलांची पाळी बदलली की तीच पोरं छप्पर उडवायची. त्यानंतर मी वहीत प्रत्येकाच्या बापाची शिफ्ट लिहून ठेवायला लागले. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात हे प्रकरण नाही.

शाळेच्या रसोइया बाई मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या, “का साग रांधे हव, मैडम?” काय भाजी केली आज? मला वाटलं, बाईंना स्वयंपाकात रस आहे. मी साग्रसंगीत सांगितलं : वांगी, त्यात हिरवा सांबार, म्हणजे धनिया हो, वरून जवसाची चटणी. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण त्या सभ्य होत्या. मग फाटकाशी दूधवालीनं तेच विचारलं. मग भृत्यानं. मग औषधाच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईनं. इथल्या बायाबापड्यांत हा प्रश्न म्हणजे रामराम आहे. उत्तर एका शब्दात द्यायचं आणि तोच प्रश्न परत करायचा. पण मला त्यातून एक फायदा झाला, उत्तरांची यादी मी मनात जमवत गेले. चेंच भाजी, लाल भाजी, अमारी, करमत्ता, बोहार, कोचई. छत्तीसगडच्या पालेभाज्यांपुढे आमची मेथी-पालकाची जोडी फारच गरीब दिसते. महिनाभरात मला ‘बरबट्टी’ असं तुटक उत्तर देऊन न थांबता पुढे जाता यायला लागलं. त्या दिवशी रसोइया बाईंनी मागून ऐकून ‘बने’ म्हणून मान हलवली. पहिल्या सराव पाठाला मिळालेल्या शेऱ्यापेक्षा मला त्याचं जास्त वाटलं.

सराव पाठांचं सांगायचं तर उष्णतेचा पाठ कायम लक्षात राहील. मी फळ्यावर लिहिलं, लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. पुस्तकात आहे, बरोबर आहे, निर्विवाद आहे. एक हात वर. “मैडम, पापा बोलते हैं चौदह सौ पचास में तो नाली में बहते रहता है.”

त्याचे पापा झोतभट्टीवर. वर्गानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि एकमतानं त्याच्या बाजूला गेला. आता चूक कुणाचीच नव्हती. शुद्ध लोखंडाचा वितळणबिंदू तोच आहे. भट्टीतून येतं ते लोखंड शुद्ध नसतं, त्यात चारेक टक्के कार्बन असतो, आणि कार्बन शिरला की ते पुष्कळ कमी उष्णतेत वितळतं. पण हे सातवीला सांगायचं कसं? रात्री नवऱ्याला विचारलं. धातुशास्त्राच्या माणसाला असा प्रश्न जेवताना विचारू नये. त्यानं वर्तमानपत्राच्या समासात आलेख काढला, लोखंड-कार्बनचा प्रावस्था आलेख, त्यात ११४७ अंशाचा बिंदू, ४.३ टक्के, आडव्या रेषा, उभ्या रेषा. वरण गार झालं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा बापाला विचारून आला होता. म्हणाला, “पापा बोले, कोक खाया हुआ लोहा है, जल्दी पिघलता है.”

मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. नवऱ्यालाही संध्याकाळी ऐकवलं, तो म्हणाला की हे तांत्रिकदृष्ट्या अपुरं आहे. ज्या गावात १३० मीटरचा अखंड रूळ एका दमात लाटला जातो, तिथे सातवीला लोखंड शिकवायला जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग समजावणं. तेव्हापासून धातूंच्या पाठाला मी प्रश्न विचारायचे आणि पोरं शिकवायची. पाठ योजनेच्या फॉर्मात याला ‘विद्यार्थी-केंद्रित’ म्हणतात आणि चांगले गुण देतात.

त्याच फॉर्मात ‘शिक्षण सहायक सामग्री’ असा रकाना आहे. त्यात दर पाठाला काहीतरी दाखवावं लागतं : तक्ता, प्रतिकृती, फ्लॅशकार्ड. मुली थर्माकोल कापून कापून बेजार. या रकान्यात मला नेहमी पंडवानी-गायिका तीजनबाई लिहावीशी वाटे. त्यांचं गनियारी गाव भिलाईच्या जवळच, आणि स्वतः त्या भिलाई स्टील प्लांटच्या नोकरीत होत्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पंडवानी गाताना त्यांच्या हातात एकच तंबुरा. तोच भीमाची गदा व्हायचा, तोच अर्जुनाचं धनुष्य व्हायचा. अठरा पर्वांचं महाभारत एका साहित्यात. आमच्यात एकेकीला ‘पानाचे भाग’ शिकवायला नऊ तक्ते लागतात.

श्रावणाच्या शेवटी माझ्या पाठांची शिल्लक बरीच राहिली होती, आणि त्याच सुमाराला पोरा आला. अमावस्येला आपला पोळा, तोच इथला पोरा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी बैल सजवून फिरवतात. इथे पोरांच्या हाती मातीचे नंदी आणि पोरींच्या हाती मातीची चूल-भांडी. मी रजा न घेता सगळं समजणारी एकमेव बाहेरची मॅडम ठरले. प्रधान पाठक खूश झाले, म्हणाले, “आप तो अपनी ही निकलीं.” मी मनात पाठांची यादी केली, उद्यापासून रोज दोन घेऊन टाकू.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाचसहा मुलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी कमी. हजेरी घेताना उरलेल्यांनी एका सुरात माहिती पुरवली, “ओकर दाई तीजा माने बर मइके गे हे, मैडम. ओहू संग म गे हे.” आई तीजेला माहेरी गेली, तोही सोबत गेला. आपल्याकडे हरतालिका घरच्या घरी होते. इथे तीजेला भाऊ किंवा वडील येऊन लेकीला माहेरी घेऊन जातात, आणि लेक साठ वर्षांची असली तरी जाते. आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात खायचा, मग निर्जळी उपास. दोन शिक्षिका गेल्या, रसोइया बाई गेल्या, दूधवाली गेली. अख्खी वस्ती आजोळी. मी, भृत्य आणि चार देशमुखांपैकी एक, ज्याची आई इथलीच, एवढे शाळेत. कॉलेजचा नियम असा की पाठाला किमान उपस्थिती पाहिजे. मी प्रधान पाठकांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, “आप भी मायके हो आइए.” चंद्रपूरला फोन केला. आई म्हणाली, “ये ना. पण तुला न्यायला कोण येणार, तुझ्या भावाला तर सुट्टी नाही.” इकडच्या रीतीनं भाऊ आल्याशिवाय जाता येत नाही आणि तिकडच्या रीतीनं हरतालिकेला भाऊ येत नाही. मी घरीच राहिले, कारली केली आणि नवऱ्याला करू भात वाढला. त्याला उपासाचं सांगितलं नाही, नुसती कारलीच खाऊ घातली.

पोरं परत आली ती आजोळच्या तेलानं चपचपीत आणि मागचं सगळं विसरून. मग मी शिकवायला जी भाषा हाताला लागेल ती वापरायला लागले. पाठ योजनेत ‘प्रस्तावना प्रश्न’ शुद्ध हिंदीत लिहिलेले असायचे, वर्गात तोंडून ‘का होगे? समझ नइ आइस?’ असं निघायचं. सासूबाईंनी फोनवर एकदा विचारलं, “तू माझ्याशी हिंदी का बोलतेस?” मी मराठीच बोलत होते.

शेवटच्या आठवड्यात कॉलेजच्या पर्यवेक्षक मॅडम पाठ बघायला आल्या. त्या ‘वैसे तो’ कानपूरच्या, भिलाईत नव्यानंच आलेल्या. मागच्या बाकावर बसल्या, हातात गुणपत्रिका. पाठ उष्णतेच्या वहनाचा. चमचा, मेणबत्ती, मेणात चिकटवलेल्या टाचण्या. टाचण्या क्रमानं पडल्या, कोक खाल्लेलं लोखंड पुन्हा आलं, पोरांनी माझी लाज राखली. ‘समझ गेव?’ म्हटलं की ‘हव, मैडम!’ असा गजर. मला वाटलं, जमलं.

मॅडम शेरा लिहून गेल्या. ‘श्यामपट कार्य सुंदर. कक्षा नियंत्रण संतोषजनक. छात्राध्यापिका की हिंदी में मराठी शब्दों की अधिकता है, सुधार अपेक्षित.’ आणि भाषेच्या रकान्यात दोन गुण कमी.

वही सहीसाठी प्रधान पाठकांकडे नेली. त्यांनी चष्मा लावून शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर हात आपटून इतके हसले की फाइलखालचे उपस्थितीचे तक्ते खाली पडले. सही करता करता म्हणाले, “चिंता मत कीजिए, मैडम. दो नंबर मराठी के कटे हैं. छत्तीसगढ़ी के पूरे मिले.”